बॉनेटखालची सही

महिंद्राने १४ ऑगस्ट २०२५ रोजी विजेवरच्या ‘बीई ६’ची बॅटमॅन आवृत्ती जाहीर केली, तेव्हा गाड्या फक्त ३०० निघणार होत्या. मागणी पाहून बुकिंग सुरू होण्याआधीच हा आकडा ९९९ झाला, आणि २३ तारखेला बुकिंग उघडल्यावर १३५ सेकंदांत सगळ्या गाड्या संपल्या. चाकणला तयार होणाऱ्या या गाडीच्या डॅशबोर्डवर सोनेरी छटेची एक पट्टी आहे आणि तिच्यावर ००१ ते ९९९ यांपैकी एक क्रमांक. बॅटरी आणि मोटर मूळ ‘बीई ६’चीच. फरक रंगाचा, चिन्हांचा, आतल्या सजावटीचा आणि त्या पट्टीचा. एवढ्यासाठी सव्वादोन मिनिटांत ९९९ जणांनी पैसे भरले.

वेगवान गाड्यांच्या जगात अशी पट्टी नवी नाही. कुठे तिच्यावर इंजिन बांधणाऱ्याची सही असते, कुठे क्रमांक, कुठे नुसतं आवृत्तीचं नाव. ज्यांच्या गाडीला कंपनीने काहीच लावलेलं नसतं ते हौशी मालक आता स्वतः पट्टी करून घेतात. अमेरिकेत मस्टँग, कॉर्व्हेट, चॅलेंजरवाल्यांमध्ये ही हौस चांगलीच रुजली आहे, आणि आपल्याकडे फायबर लेझरचं यंत्र गल्लीतल्या ट्रॉफीवाल्याकडेही आल्यापासून ती कोणालाही परवडते. चांगली पट्टी आणि वाईट पट्टी कशी ओळखायची, हा खरा प्रश्न आहे. पट्टी हा एक दावा असतो, आणि जो दावा तपासून पाहता येतो तोच धातूवर कोरावा, असं माझं मत आहे. हे मत नुसतं नीतीचं नाही. पट्टीचा आजवरचा सगळा मान या एका गोष्टीवर उभा आहे.

सुरुवात सहीपासून करू. हान्स वेर्नर आउफ्रेख्ट आणि एरहार्ड मेल्खर यांनी १९६७ मध्ये जर्मनीत ‘एएमजी’ काढली. आज मर्सिडीजच्या पंखाखाली असलेल्या या कंपनीचं ‘एक माणूस, एक इंजिन’ हे सूत्र गाडीवेड्यांना पाठ असतं. आफाल्टरबाख इथे एकच कारागीर एक इंजिन आरंभापासून शेवटपर्यंत जुळवतो आणि वर त्याच्या सहीची पट्टी बसते. पण प्रत्येक एएमजीला ही सही नसते. चाकणच्या कारखान्यात २०२० साली जुळणी झालेली पहिली एएमजी म्हणजे ‘जीएलसी ४३ कूपे’. तिच्यातलं व्ही-सिक्स इंजिन या पद्धतीने बांधलेलं नव्हतं. पुढे आलेल्या ‘ए ३५’चंही तेच. ‘ए ४५ एस’चं इंजिन मात्र एका हातचं. म्हणजे बॉनेट उघडून सही नसेल तर गाडी खोटी ठरत नाही, आणि जिथे ती नसायला हवी तिथे दिसली तर मात्र चौकशी करायला हवी. सहीच्या पट्ट्यांच्या नकला ऑनलाइन सर्रास मिळतात, आणि ‘३५’च्या किंवा व्ही-सिक्सवाल्या ‘४३’च्या इंजिनावर त्या डकवणारे महाभागही असतात. त्यातून जाणकाराला फक्त एवढंच कळतं, की मालकाला आपली गाडी नीट माहीत नाही.

फोर्डची गोष्ट मला यापेक्षा आवडते, कारण तिच्यात डामडौल कमी. १९९६ ची मस्टँग कोब्रा आली तेव्हा तिचं ४.६ लिटरचं व्ही-एट इंजिन मिशिगनमधल्या रोमियो कारखान्यात दोन-दोन कामगारांच्या जोड्या हाताने जुळवत. काम संपलं की दोघांच्या सह्यांची पट्टी इंजिनावर लागे. गाडी ना फेरारीच्या किमतीची, ना तिच्या तोऱ्याची. कारखान्यातल्या साध्या माणसांची नावं तेवढी बॉनेटखाली होती. जुने कोब्रावाले आजही आपल्या जोडीची नावं सांगतात. २०२० च्या शेल्बी जीटी ५०० पर्यंत ही रीत चालली. रोमियोचा कारखाना २०२२ च्या अखेरीस बंद पडला.

निस्सानच्या ‘जीटी-आर’ने हेच जपानी शिस्तीत केलं. योकोहामाच्या कारखान्यात ‘ताकुमी’ म्हणून मान मिळालेले निवडक कारागीर तिचं ३.८ लिटरचं इंजिन बांधत, आणि त्यावर त्यांच्या नावाची पट्टी असे. २००७ ते ऑगस्ट २०२५ या काळात सुमारे ४८ हजार गाड्या निघाल्या. त्यांची सगळी इंजिनं बांधणारे ताकुमी होते अवघे नऊ. अठरा वर्षं, नऊ माणसं. संख्या मोठी असूनही सहीची किंमत कशी टिकते, ते इथे दिसतं.

सही नेमकी कशाची, हेही वाचून घ्यावं लागतं. अ‍ॅस्टन मार्टिनच्या इंजिनावरच्या पट्टीवर वर्षानुवर्षं अंतिम तपासणी करणाऱ्याचं नाव असे. बांधणारा निराळा, तपासणारा निराळा. पट्टी खोटं बोलत नाही, वाचणारा घाईत असतो. बेंटलीने तर वेगळंच केलं. तिचं व्ही-एट इंजिन, जे पुढे पावणेसात लिटरचं झालं, १९५९ पासून २०२० पर्यंत निघत होतं आणि इंग्लंडमधल्या क्रू इथले कामगार त्याच्या पट्टीवर सही करत. शेवटच्या तीस मुल्सान गाड्यांची खास आवृत्ती काढली, तेव्हा त्या पट्टीवर कामगारांऐवजी कंपनीचे तत्कालीन प्रमुख एड्रियन हॉलमार्क यांची सही आली. निरोपाच्या गाडीला साहेबांची सही हवी असं कोणाला तरी वाटलं असणार. मला तो मोठा रसभंग वाटतो. आपल्याकडे २०१९ मध्ये जुन्या थारच्या शेवटच्या ७०० गाड्यांवर आनंद महिंद्रांची सही उमटली, ती मात्र खटकली नाही, कारण थारच्या इंजिनावर कामगाराच्या सहीची परंपराच नव्हती. कोणाची जागा घेऊन ती आली नव्हती.

कॉर्व्हेटने २०१० मध्ये सहीचा प्रश्न उलटा करून टाकला. ‘झेड ०६’ किंवा ‘झेडआर १’ घेणाऱ्याने ५,८०० डॉलर जास्तीचे भरले, की त्याला मिशिगनमधल्या विक्समच्या कारखान्यात जाऊन तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली आपल्याच गाडीचं इंजिन स्वतः जुळवता येई, आणि पट्टीवर त्याचं नाव लागे. पैसे देऊन घेतलेली सही म्हणून हसण्यावारी नेता येईल, पण माणसाने बोल्ट खरोखर आवळलेले असत. दावा खरा, सही खरी.

आता क्रमांक. इथे जरा सांभाळून चालावं लागतं. पोर्शेने ९१८ स्पायडर ९१८ काढल्या, २०१६ ची ९११ आर ९९१ काढल्या, कारण ९११ च्या त्या पिढीचं अंतर्गत नाव ९९१. २०२३ ची ९११ एस/टी १,९६३ काढल्या, कारण ९११ चा जन्म १९६३ चा. आकडा आधी ठरतो तो गोष्ट सांगण्यासाठी. दुर्मीळपणा नंतर येतो. माझदाच्या एमएक्स-५ ची १९९९ ची दशकपूर्ती आवृत्ती तर ७,५०० गाड्यांची होती आणि प्रत्येकीवर क्रमांक होता. साडेसात हजारांतला एक क्रमांक म्हणजे दुर्मीळ वस्तू नव्हे. पण त्या गाडीचा मालक आपला क्रमांक प्रेमाने सांगतो आणि त्यात काही वावगं नाही. फेरारीने एन्झो आधी ३४९ काढायच्या ठरवल्या, मग ५० वाढवल्या, आणि चारशेवी गाडी पोप जॉन पॉल दुसरे यांना दिली. २००५ मध्ये तिचा लिलाव होऊन पैसे सुनामीग्रस्तांसाठी गेले. महिंद्राच्या तीनशेचे ९९९ झाले तेव्हा समाजमाध्यमांवर बरीच कुरकुर झाली. तिला फेरारीचा हा दाखला पुरेसा आहे. आकडे वाढतात. गाडी बाजारात येण्याआधी वाढवले तर मी त्याला फसवणूक म्हणणार नाही. काही पट्ट्यांवर स्वतःचा क्रमांकच नसतो, नुसतं ‘पाचशेपैकी एक’ असतं. ते पाचशेही गाड्यांवर एकसारखंच छापता येतं. कंपनीचं काम सोपं, मालक खूश.

आता ज्यांना कंपनीने काहीच दिलं नाही त्यांच्याकडे वळू. फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय घ्या. पोलो चाकणला २००९ पासून निघाली आणि २०२२ मध्ये थांबली. जाता जाता ‘लेजंड’ नावाची ७०० गाड्यांची आवृत्ती आली, तिच्यावर नाव होतं, पण क्रमांक नव्हता. ज्याने जीटी टीएसआय घेऊन रीमॅप केला, सस्पेन्शन बदललं, इंजिन एकदा खोलून पुन्हा बांधून घेतलं, त्याला पट्टी लावावीशी वाटणं साहजिक आहे. पण तो ट्रॉफीवाल्याकडे जातो आणि लिहून घेतो ‘१ ऑफ १’. ही ओळ आता इतकी झाली आहे की तिला काही अर्थच उरला नाही. मुळात दोन वर्षं वापरलेली कोणतीही गाडी जगात एकमेव असते, ओरखड्यांसकट.

मजकुराचा उत्तम नमुना आपल्याच स्वयंपाकघरात आहे. तांब्या-पितळेच्या, पुढे स्टीलच्या भांड्यांवर टिंबाटिंबांनी कोरलेलं असतं: कोणाच्या लग्नाप्रीत्यर्थ, कोणाकडून, कोणत्या तारखेला. विशेषण एकही नाही. पन्नास वर्षांनी नातसुनेच्या हाती तो डबा आला तरी सगळं कळतं. गाडीच्या पट्टीलाही हेच लागतं: गाडी कोणती, कारखाना कोणता, साल कोणतं, मालकाने काय केलं, कोणाच्या हातून केलं, कधी केलं. ‘इंजिन पुन्हा बांधलं, भोसरी, मार्च २०२५’ आणि खाली मेकॅनिकचं नाव. अश्वशक्तीचा आकडा घालायचाच असेल तर डायनोच्या, म्हणजे शक्ती मोजणाऱ्या यंत्राच्या, कागदावरचा घाला, आणि तो चाकांवर मोजला की इंजिनावर, हेही लिहा. मेकॅनिकचं नाव घालायला लोक का कचरतात हे मला कळत नाही. रोमियोच्या कामगारांना जो मान मिळाला तो आपल्या मिस्त्रीला का नको?

धातूच्या बाबतीत, पहिल्यांदा करणाऱ्याला मी अ‍ॅनोडाइझ केलेलं अ‍ॅल्युमिनियम सुचवेन. अ‍ॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावर विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा कडक थर चढवतात, त्याच्या सूक्ष्म छिद्रांत रंग भरतात आणि मग छिद्रं बंद करतात. काळ्या पत्र्यावर लेझर फिरला, की रंग जळून अक्षरं पांढुरकी उठतात. यंत्राखाली हे पाहण्यासारखं असतं. ठिणगी नाही, धूर नावाला, आणि काळ्यावर ओळ उमटत जाते. पत्रा एक-दीड मिलिमीटरचा पुरतो. लाल-जांभळे स्वस्त रंग उन्हात फिके पडतात, काळा तग धरतो. याच कुळातला वरचा प्रकार म्हणजे प्रकाशसंवेदी अ‍ॅल्युमिनियम. त्यात चित्र त्या थराच्या आत चांदीच्या कणांनी उमटतं आणि वरून बंद होतं, म्हणून घासून जात नाही. विमानांत आणि लष्करी यंत्रांवर अशा पट्ट्या असतात. एक-दोन नगांसाठी मात्र सहसा कोणी ते करून देत नाही.

स्टेनलेस स्टीलवर फायबर लेझर काळी, न खोदलेली अक्षरं उठवतो. ती दिसतात सुरेख, फक्त उजेड तिरपा पडला की वाचणं अवघड. ट्रॉफीवाल्याकडे नुसता सीओटू लेझर असेल तर उघड्या धातूवर तो काम करत नाही, वर खास फवारा मारून मगच अक्षर उमटतं. पितळ हा भावनेचा धातू आहे. फेरिक क्लोराइडने कोरून, खोलगट अक्षरांत काळा रंग भरून केलेली पितळी पट्टी पाहिली की बाकी सगळं फिकं वाटतं. पण लॅकर मारला नाही तर ती काळवंडते, आणि गाडी मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात असेल तर खाऱ्या हवेत पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम कुरतडलं जातं. मध्ये नायलॉनचा वॉशर घालावा. छापील विनाइलचा मी विचारही करणार नाही.

देवनागरीत कोरायचं असेल तर आणखी एक फेरी वाढते. बऱ्याच दुकानांत अजून जुने फॉन्ट चालतात. फोनवरून पाठवलेला युनिकोड मजकूर तिथे उघडला की गोऱ्हे, कुऱ्हाडे अशी आडनावं मोडतात, जोडाक्षरं सुटी होतात, आणि ल-श हिंदी वळणाचे येतात. घरूनच मजकूर मांडून, अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे फॉन्टवर न विसंबणाऱ्या बाह्यरेखा, करून फाइल न्यावी. तीन मिलिमीटरच्या खाली देवनागरी जाऊ नये, कारण मात्रा आणि रफार आधी बुजतात. आणि आधी प्लायवूडच्या तुकड्यावर मारून पाहावं. दुकानदार कुरकुरला तरी चालेल. धातूवर चूक खोडता येत नाही.

जागेच्या बाबतीत एका ठिकाणी तडजोड नाही: एअरबॅगच्या झाकणावर, स्टिअरिंगच्या मधोमध किंवा डॅशबोर्डच्या डाव्या बाजूला जिथे प्रवाशाची एअरबॅग उघडते, तिथे धातूचा तुकडा चिकटवू नये. अपघातात तो तुकडा थेट चेहऱ्याकडे येईल. डॅशबोर्डवर वर लावली तर चकचकीत पट्टीचं प्रतिबिंब काचेत पडून रात्री त्रास होतो, म्हणून सॅटिन फिनिश घ्यावं. दाराच्या उंबऱ्याची पट्टी सुरक्षित, पण बुटांखाली जाते. मधल्या कन्सोलची बाजू मला सगळ्यात बरी वाटते. तिथे अ‍ॅक्रेलिक फोमची दुहेरी टेप चालते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसावी, दाबून बसवावी आणि तीन दिवस हात लावू नये, कारण टेपला पूर्ण पकड यायला तेवढा वेळ लागतो. बॉनेटखाली उष्णतेचा मामला. तिथे टेपच्या भरवशावर राहू नये. दोन्ही स्ट्रट टॉवर जोडणारी आडवी दांडी असेल तर तिच्यावर स्क्रूने बसवावी. कॅम कव्हरला भोक पाडण्याचा मोह टाळावा, कारण ड्रिलचा एक कीस तेलात गेला तर पट्टीवर ज्या इंजिनाचं कौतुक आहे त्याचीच वाट लागेल.

कायद्याची बाजू अवघड नाही, पण एका रेषेपाशी ती कठोर होते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करतं. शोभेची पट्टी त्यात येत नाही, मात्र जी कामं तुम्ही पट्टीवर अभिमानाने कोरता त्यांतली काही येऊ शकतात. बेकायदा एक्झॉस्टची जाहिरात धातूवर कोरून ठेवणारेही आहेत! दुसरं, चेसिस नंबर. आपल्याकडे गाडी नावावर करताना कागदावर पेन्सिल घासून चेसिस नंबरची छाप काढतात, आणि ती जागा झाकली गेली की आरटीओत खोळंबा ठरलेला. सतरा चिन्हांचा हा क्रमांक शोभेच्या पट्टीवर पुन्हा कोरू नये. अधिकृत पट्टीसारखा तिचा आकार, रंग किंवा रिव्हेट ठेवू नयेत. अमेरिकेत चेसिस क्रमांकाशी जाणूनबुजून छेडछाड हा संघराज्याचा गुन्हा आहे. तिथल्या अनेक गाड्यांवर क्रमांकाच्या पट्टीला पाकळ्यांचे खास रिव्हेट असतात, ते हौसेसाठी विकत घेणं म्हणजे नसती आफत.

या सावधगिरीमागे जुना अनुभव आहे. कॅरोल शेल्बी यांच्या कारखान्याने १९६५ मध्ये फोर्ड मस्टँगच्या जीटी ३५० बनवल्या, तेव्हा इंजिनकक्षाच्या आतल्या बाजूला फोर्डचा जो क्रमांक ठोकलेला असे, त्याच्यावर शेल्बीची स्वतःची पट्टी रिव्हेटने बसवली जाई. पुढे या गाड्यांच्या किमती आकाशाला भिडल्या आणि नकली शेल्बींचं पीक आलं. पट्टीची नक्कल करणं सोपं होतं. खरं-खोटं ठरायचं ते तिच्याखालच्या लपलेल्या क्रमांकावर, शेल्बी क्लबच्या नोंदवहीवर आणि जुन्या कागदांवर. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांची कारखान्यातली नोंद तिथे ‘मार्टी रिपोर्ट’ म्हणून विकत मिळते. शंका आली की लोक आधी तो कागद मागवतात, पट्टी नंतर पाहतात.

मालकाच्या पट्टीलाही म्हणूनच एक फाइल लागते: मेकॅनिकची बिलं, डायनोचा कागद, इंजिन खोललेलं असतानाचे फोटो आणि पट्टीची मूळ कर्व्ह फाइल. गाडी विकताना पट्टी काढून घ्यावी की ठेवावी यावर हौशी मंडळींत दोन तट आहेत. काढणाऱ्यांचं म्हणणं, ती आपली आठवण, पुढच्याला त्याचं काय? मी ठेवणाऱ्यांच्या बाजूचा आहे. इंजिन भोसरीत बांधलं हे गाडीबद्दलचं सत्य आहे, ते मालक बदलल्याने बदलत नाही, आणि पुढचं काम कोणाकडे न्यायचं हेही नव्या मालकाला त्यातूनच कळतं. विम्याच्या आणि सर्व्हिसच्या कागदांबरोबर ती फाइल त्याच्या हाती द्यावी. पट्टी नको असेल तर तो काढेल, टेपवर हेअर ड्रायर धरला की पाच मिनिटांचं काम आहे.